परसात आईबाबांसाठी घर: ग्रॅनी फ्लॅट की टायनी होम?

आईबाबांना जिना झेपेनासा झाला आहे, गोव्यातल्या जुन्या घरामागे मोकळं परसू आहे, तिथे लहानसं घर करायचं चाललं आहे. अशा वेळी ग्रॅनी फ्लॅट आणि टायनी होम सरसकट एकच समजू नका.

ग्रॅनी फ्लॅट मुख्य घराच्याच जागेत, पक्क्या पायावर उभा राहतो. चूल, न्हाणी, दार सगळं स्वतंत्र. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये त्याला साधारण 60 चौरस मीटरची मर्यादा आहे. टायनी होम त्याहून लहान: अमेरिकेच्या नमुना बांधकाम संहितेत माळा सोडून 400 चौरस फुटांपर्यंत. त्यातली बरीच चाकांवर असतात आणि रस्त्यावरून न्यायची म्हणून साडेआठ फूट रुंदीत बसवतात. मग अंथरूण जातं माळ्यावर. गुडघे धरलेल्या आईने रात्री शिडी कशी उतरायची? माझं मत इथेच ठरतं.

पाऊसही बघा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, उतरती कौलं आणि रुंद वळचण त्याला पुरून उरतात. पातळ पत्रा-प्लायच्या घरात उन्हाळ्यात तापतं, आषाढात बुरशी धरते. 2021च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ आठवा. हलकं घर जमिनीला घट्ट जखडलेलं हवंच.

खरी गाठ मात्र जमिनीची. पक्कं घर जमिनीला चिकटतं, ते सहसा वेगळं विकता येत नाही. आजोबांच्या नावची वाटणी न झालेली जागा असेल, तर तुमच्या पैशाने बांधलेल्या भिंतींवरही सगळ्या वारसांचा प्रश्न उभा राहतो. गोव्यात मालमत्तेचा निम्मा हिस्सा वारसांसाठी राखीव असतो, मृत्युपत्राने तो डावलता येत नाही. म्हणून आधी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायची कोर्टातली प्रक्रिया, उरकून घ्या, भावंडांची लेखी संमती घ्या, सनद (जमीन घरासाठी वापरायचा सरकारी परवाना) तपासा, मगच आराखडा काढा. चाकं आहेत म्हणून टायनी होमला कागद नकोत, असंही धरू नका. ते चौथऱ्यावर बसवून नळ-शौचालय जोडलं की पंचायतीच्या परवान्याचा प्रश्न येतोच.

एकट्या तरुणाला, भाड्याच्या जागेवर काही वर्षं काढायची असतील, तर टायनी होम बरं: उद्या उचलून नेता येतं. आईबाबांसाठी मात्र एका पातळीवरचं, रुंद दारांचं, न्हाणीत धरायला दांडा असलेलं चिऱ्याचं घरच बांधा. आणि सोकपिट, म्हणजे सांडपाणी जिरवायचा खड्डा, विहिरीपासून लांब घ्या.