थंडीत घरामागच्या तुकड्यात काय लावावं: भाजी की फुलं?

दिवाळी झाली की ओळखीपाळखीतून हा प्रश्न हमखास येतो. घरामागे दहा बाय बाराचा तुकडा आहे, नाहीतर गच्चीत वीस कुंड्या रिकाम्या पडल्या आहेत. थंडीचे चार महिने हाताशी आहेत आणि सगळं एकदम झेपणार नाही. मग भाजी लावू की फुलं?

आवडीनिवडीचा विचार नंतर करा. आधी तुमच्या जागेवर डिसेंबरात किती तास ऊन येतं ते बघा. एखाद्या रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता जागेवर जाऊन उन्हाच्या कडेला चुन्याची रेघ ओढा. उन्हाळ्यात जिथे ऊन बघितलं होतं तिथे ते आता नसेल. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. म्हणजे ३० फूट उंच इमारतीची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे २७ फूट पसरते. मे महिन्यात हीच सावली भिंतीच्या पायाशी गोळा झालेली असते. शिवाय दिवस लहान, सूर्योदय ते सूर्यास्त साधारण अकरा तासांचा.

हे मी एका वाया गेलेल्या हंगामातून शिकले. मे महिन्यात भरपूर ऊन होतं म्हणून मागच्या भिंतीलगत वाफा केला आणि नोव्हेंबरात तिथे फ्लॉवरची बारा रोपं लावली. पानं सुपाएवढी झाली. फेब्रुवारीत ती बाजूला करून बघितलं तर आत लिंबाएवढे गड्डे. त्या वाफ्यावर डिसेंबरभर सकाळचं दीड-दोन तासच ऊन येत होतं. खत, पाणी, निगराणी यांत काहीच कमी पडलं नव्हतं.

सहा तास किंवा त्याहून जास्त ऊन असेल तर भाजी आणि फुलं दोन्ही होतात, निवड तुमची. तीन-चार तास असेल तर पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना यांच्यावर थांबा. कोबी, टोमॅटो, झेंडू, गुलाब यांचा नाद सोडा. त्याहून कमी असेल तर त्या जागेत खताचा खड्डा करा. थंडीत झडणारा पाला तिथे साठवला तर जूनपर्यंत सोन्यासारखं खत मिळतं.

पालेभाजी आणि कोबीवर्गीय भाजी

भाजी लावायचं ठरलं तरी खरी निवड इथे आहे, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. नर्सरीत कोबी-फ्लॉवरची टवटवीत रोपं बघून हात तिकडेच जातो. पण हिशोब करून बघा. चार बाय पाच फुटांच्या वाफ्यात दीड-दीड फुटांवर कोबीची आठ-नऊ रोपं बसतात. अडीच-तीन महिने ती जागा अडते आणि शेवटी आठ-नऊ गड्डे मिळतात, तेही पंधरा दिवसांत एकदम. त्याच वाफ्यात मेथी २५ ते ३० दिवसांत उपटायला येते, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तीन वेळा नव्याने पेरता येते. पालक तर एकदाच पेरायचा. पानं वितीएवढी झाली की जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापायची. पुन्हा फुटतो, तीन-चार कापण्या सहज देतो.

फ्लॉवरची आणखी एक अडचण असते ती वाणाची. लवकरचे वाण आणि थंडीचे वाण वेगळे. स्नोबॉलसारख्या उशिराच्या वाणाला गड्डा धरायला चांगली थंडी लागते. नाशिक, निफाड, पुणे, विदर्भ इकडे तो जमतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात रात्री तेवढ्या थंड होत नाहीत, तिथे नुसता पाला वाढतो. उलट लवकरचा वाण कडक थंडीत लावला तर गड्डा बटणाएवढाच राहतो. म्हणून रोप घेताना वाणाचं नाव विचारा. सांगता येत नसेल तर तिथून फ्लॉवर घेऊ नका.

मुळा आणि गाजर मधल्या वाटेचे. मुळा ४० ते ५० दिवसांत, गाजर तीन महिन्यांच्या आसपास. दोन्हींचं बी जागेवरच टोचायचं, रोप काढून लावलं तर मूळ दुभंगतं. काळ्या चिकण मातीत गाजर वेडंवाकडं होतं, तिथे मुळाच बरा. त्याच्या पाल्याचीही भाजी होते, आणि कोवळा पाला बाजारात कुठे मिळतो? वाटाण्याला मात्र मी नेहमी जागा देते. ताटी केली की तो वर चढतो, जमीन फार अडवत नाही, दोन-सव्वादोन महिन्यांत शेंगा लागतात आणि मुलं त्या तिथेच सोलून खातात. भेंडी, गवार, काकडीचं बी थंडीत पेरू नका. त्याला रुजायला ऊब लागते, जानेवारी सरला की बघा.

कोथिंबिरीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण "माझे धने उगवतच नाहीत" ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकते. अख्खा धना म्हणजे दोन बिया एका टरफलात. जाड कापडावर धने पसरायचे आणि लाकडी पाटीने किंवा लाटण्याने हलक्या हाताने रगडायचे. बारीक टचटच आवाज येतो, धना मधून दोन वाट्यांसारखा उकलतो. खाली पीठ दिसायला लागलं तर जोर जास्त झाला असं समजा. मग रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी निथळून, बोटभर अंतराच्या ओळीत पेरायचे आणि वर अर्धा इंच भुसभुशीत माती. थंडीत वर यायला आठ ते बारा दिवस लागतात. सहाव्या दिवशी धीर सुटून माती उकरणारे पुष्कळ आहेत, त्यांची कोथिंबीर तिथेच संपते.

फुलं: हंगामी, शेवंती, की घरातली जुनी झाडं

फुलांत तीन वाटा आहेत आणि तिन्हींची कामं अगदी वेगळी.

पहिली वाट हंगामी फुलांची. झेंडू, पिटुनिया, डायँथस, फ्लॉक्स, कॅलेंडुला, पॅन्सी. नोव्हेंबरात रोपं लावली की डिसेंबर-जानेवारीत जागा रंगाने भरते, मार्चच्या उन्हात संपते. रोज दहा मिनिटं काढून सुकलेली फुलं खुडणं हे यातलं मुख्य काम. फूल झाडावर वाळलं की बी धरायला लागतं आणि पुढची कळी मागे पडते. झेंडूचा शेंडा मात्र लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी एकदा खुडाच. कळी दिसत असताना शेंडा मोडायचा जीव होत नाही, पण त्यानेच बाजूच्या फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी सात-आठ मिळतात.

दुसरी वाट शेवंतीची. ही मनापासून लावायची तर लागवड उन्हाळ्यात होते, त्यामुळे यंदाच्या थंडीसाठी कळ्या धरलेली कुंडीच आणावी लागेल. शेवंतीला रात्र मोठी झाली की फूल येतं आणि रात्र म्हणजे खरा अंधार लागतो. आमच्याकडे एक कुंडी कुंपणाच्या दिव्याजवळ होती. डिसेंबर उजाडला तरी दिव्याच्या बाजूच्या फांद्या हिरव्याच होत्या, आणि त्याच झाडाच्या भिंतीकडच्या फांद्यांवर पिवळ्या फुलांची दाटी! हात लावून बघितल्यावर समजलं, एकाच झाडाला अर्ध्या अंगाला रात्र मिळत होती. तेव्हापासून शेवंती टाकीच्या आडोशाला. तुमच्या जागेवर रात्रभर रस्त्याचा दिवा पडत असेल तर शेवंतीऐवजी झेंडू घ्या.

तिसरी वाट म्हणजे नवीन काही न लावता घरात आहे त्याची निगा राखणं. वेळ कमी असणाऱ्यांना मी हीच सुचवते. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात, दसऱ्याच्या मागेपुढे. तेव्हापासून साधारण सहा आठवड्यांनी फुलं येतात. राहून गेली असेल तर नोव्हेंबरअखेरपर्यंत हलकी छाटा, फांदीवरचा जो डोळा, म्हणजे नव्या फुटव्याची गाठ, बाहेरच्या बाजूला बघत असेल त्याच्या वर तिरका काप घ्या. मोगऱ्याचं उलटं आहे. त्याला डिसेंबरात पाणी कमी करून विश्रांती द्यायची, जानेवारीत पानं झाडून छाटणी, मग शेणखत आणि पाणी. मार्चपासून त्याची परतफेड सुरू होते. कढीपत्ता, जास्वंद थंडीत मंदावतात. ती वाढत नाहीत म्हणून खताचा मारा करू नका.

बी की तयार रोप?

पालेभाज्या, मुळा, गाजर, वाटाणा: बीच. यांची रोपं विकत घेणं म्हणजे पैसे वाया. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी: नोव्हेंबर उजाडला असेल तर तयार रोप. थंडीत बी रुजून रोप लावण्याजोगं व्हायला महिना-सव्वा महिना जातो आणि तेवढ्यात हंगामाचा उत्तम भाग निघून जातो. ट्रेमधलं रोप घेताना फुललेलं घेऊ नका. पाच-सहा पानांचं, बुटकं, जाड देठाचं घ्या, आणि संध्याकाळी लावा.

फुलांत झेंडूचं बी घरी सहज होतं. पिटुनियाचं बी मोहरीहूनही बारीक, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. कुठलं फूल आपल्याकडे कसं दिसतं ते विकत घेण्याआधी डोळ्यांनी बघायचं असेल तर पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या १८३० सालच्या संस्थेकडे ही बाग आहे. मुंबईत राणीच्या बागेतही असं प्रदर्शन असतं. मी वही घेऊन जाते आणि पुढच्या वर्षीची यादी तिथेच करते.

जमीन की कुंडी

जमीन असेल तर जमीनच. कुंडीत माती रात्री लवकर गार पडते, दुपारी लवकर सुकते. पण पालक, मेथी, कोथिंबिरीला सहा इंच खोलीचा पसरट ट्रे पुरतो आणि तो उन्हामागे हलवता येतो, हा कुंडीचा थंडीतला मोठा फायदा. टोमॅटोला मात्र फूटभर खोल कुंडी हवीच.

पाण्याचं दोन्हीकडे सारखंच. थंडीत झाडं पाण्याने जास्त मरतात, तहानेने कमी. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर झारी खाली ठेवा. पाणी सकाळी, बुंध्याशी.

वेळ आणि कीड

भाजीला रोज थोडं लक्ष लागतं आणि ते टाळता येत नाही. आठ दिवस गावाला गेलात तर पालेभाजी जून होते, वाटाण्याच्या शेंगा कडक होतात, मुळ्यात जाळी पडते. फुलं तेवढी रुसत नाहीत. जाण्याआधी भरपूर पाणी, वर उसाच्या पाचटाचं किंवा वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन, आणि परत आल्यावर तासभर खुडणी, एवढ्यात गाडी रुळावर येते. डिसेंबरात लग्नसराई, सहली, मुलांची स्नेहसंमेलनं असतील तर हा मुद्दा उन्हानंतर सगळ्यांत महत्त्वाचा धरा.

किडीच्या बाबतीत कोबीवर्ग सगळ्यांत नाजूक. ढगाळ हवा आली की मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आणि एरवी पानांची चाळणी करणाऱ्या अळ्या. घरच्या भाजीवर विषारी औषध मारायचं नसेल, आणि मारूच नये, तर रोज पानं उलटी करून बघायची तयारी हवी. वाफ्याच्या कडेला मोहरीची ओळ टाकली तर या अळ्यांचा पतंग आधी तिच्यावर अंडी घालतो. शेवंतीवरही मावा येतो, पण तिथे एक लिटर पाण्यात पाच मिली निमतेल आणि थोडं साबणाचं पाणी संध्याकाळी फवारलं की भागतं. वाटाणा आणि गुलाबावर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी येते. पहिलं पान दिसताच खुडा, झाड विरळ ठेवा.

झेंडू मात्र दोन्ही पक्षांत बसतो. टोमॅटोच्या ओळीत मधेमधे लावला तर फळ पोखरणारी अळी त्याच्याकडे ओढली जाते आणि मुळांना त्रास देणाऱ्या मातीतल्या सूत्रकृमींनाही (दोऱ्यासारख्या सूक्ष्म किड्यांनाही) आळा बसतो. म्हणून भाजीच लावणाऱ्यालासुद्धा मी चार झेंडू घ्यायला लावतेच.

दहा बाय बाराचा तुकडा माझा असता तर

सहा तास ऊन आणि पहिलीच थंडी असं धरून सांगते. निम्मी जागा पालेभाज्यांना, तीन पट्ट्यांत, दर दहा दिवसांनी एक पट्टी पेरायची, म्हणजे सगळं एकदम तयार होत नाही. उत्तरेच्या कडेला वाटाण्याची ताटी, म्हणजे तिची सावली वाफ्यावर पडणार नाही. मधे टोमॅटोची चार रोपं, त्यांच्या आजूबाजूला झेंडू. दक्षिणेच्या कडेला पिटुनिया आणि डायँथससारखी बुटकी फुलं. फ्लॉवर पहिल्या वर्षी नाही. शेवंतीची एकच कुंडी, रात्री दिवा पडत नाही अशा कोपऱ्यात.

जानेवारीच्या शेवटी पालकाची शेवटची कापणी झाली की ती पट्टी खणून शेणखत घालून ठेवायची, तिथे भेंडी येईल. शेवंतीची फुलं संपली की झाड वितीवर कापायचं. बुंध्याशी नव्या काश्या, म्हणजे जमिनीतून वर येणारे कोंब फुटतात, त्या मुळांसकट अलगद सोडवून मेमध्ये लावायच्या. पुढच्या वर्षी शेवंतीची कुंडी विकत आणावी लागणार नाही.