सस्पेन्शनची खटखट आणि द्वारकाजवळचे मामा

तीन महिने डोकं खाल्लं होतं या आवाजाने. आता गाडी शांत झालीये तर म्हटलं लिहून टाकावं, नाशिकमधल्या कोणाचे तरी पैसे वाचतील. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षं जुनी, ६८ हजार किलोमीटर झालेत. कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, उगाच सगळे गाडीलाच शिव्या घालतात, आणि शेवटी जो पार्ट गेलेला निघाला तो बऱ्याच गाड्यांत झिजतोच. तर पावसाळा संपता संपता पुढून डाव्या बाजूने खट-खट-खट सुरू झालं. गंमत म्हणजे मोठ्या खड्ड्यात आवाज नाही, हायवेवर नाही, फक्त कॉलनीतले उखडलेले पेव्हर ब्लॉक किंवा खडी निघालेला रस्ता असला आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालली की सुरू. आणि असे रस्ते आपल्याकडे सध्या कमी आहेत का, २०२७ च्या सिंहस्थाच्या नावाने जिकडे बघावं तिकडे खोदून ठेवलंय. बायको म्हणाली डिक्कीत काहीतरी सैल असेल. स्टेपनी, जॅक, पाना सगळं काढून घरात ठेवलं. त्याने एक आवाज गेला खरा, जॅकचा होता तो, पण पुढची खटखट तशीच.

मग गेलो एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला, नाव नको. तिथल्या पोराने पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, दोन वेळा हलवलं, म्हणाला काही प्ले नाही, म्हणजे कुठे ढिलेपणा नाही. ॲडव्हायझर साहेबांनी टॅबवर बोटं फिरवली आणि एस्टिमेट दिलं, पुढचे दोन्ही शॉकअप, स्ट्रट माउंटिंग (शॉकअपच्या वरच्या टोकाची बैठक), दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे), लेबर धरून १८,६०० रुपये. मी विचारलं गाडी चालवून बघितली का, तर म्हणे "सर, एवढ्या रनिंगला हे जातंच." शॉकअप लीक आहे का विचारलं तर आत कोणाला तरी विचारून येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. कॉफी मात्र चांगली होती.

अंबड एमआयडीसीतल्या एका मित्राने एका मेकॅनिकचं गॅरेज सांगितलं, सगळे त्यांना मामाच म्हणतात. नाशिकमधल्या द्वारका चौक आणि वडाळा नाक्याच्या मधे, गल्लीत आत. गॅरेजचं नाव टाकत नाही कारण मामांनीच सांगितलं "आहे तीच गिऱ्हाइकं आवरत नाहीत, नाव कुठे देऊ नको." बोर्डही अर्धा पुसलेला आहे म्हणा.

खरा रिव्ह्यू इथून सुरू होतो. मामांनी पहिली दहा मिनिटं गाडीला हातच लावला नाही, नुसते प्रश्न. ब्रेक दाबल्यावर किंवा रिव्हर्समधून पुढे घेताना एकदाच 'धप' होतं का? नाही म्हटलं, तर म्हणाले मग लोअर आर्मचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, आत्ता बाजूला ठेव. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की स्प्रिंग 'टण्ण' करते का? नाही, म्हणजे स्ट्रट माउंटिंगवरचा संशय कमी. स्टेअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की कट-कट-कट? ते झालं असतं तर एक्सलचा जॉइंट. स्पीड वाढेल तसा घों घों वाढतो का, वळणावर कमीजास्त होतो का? तो बेअरिंगचा. मला हे इतकं आवडलं ना, डॉक्टर कसा आधी बोलून घेतो, पूर्वीचे डॉक्टर म्हणतोय मी, आत्ताचे आधी टेस्ट लिहून देतात.

मग म्हणाले "चल, मी बाजूला बसतो, तू चालव." एसी बंद, टेप बंद, काचा खाली. गोडाऊनच्या लांब भिंतीला लागून गाडी हळू न्यायला लावली, कारण आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि कुठल्या बाजूचा ते नीट कळतं. खटखट सुरू झाल्यावर म्हणाले ब्रेकवर नुसता पाय टेकव, गाडी थांबवू नको. ब्रेक हलका लागल्यावर आवाज बंद झाला असता तर पॅड किंवा कॅलिपर सैल, सस्पेन्शन नाहीच. आमचा चालूच राहिला.

पुढचं तर मी आयुष्यात विसरणार नाही. एक पूर्ण रुंदीचा स्पीड ब्रेकर होता तिथून सरळ न्यायला सांगितली, दोन्ही चाकं एकदम वर, दोन्ही एकदम खाली. आवाज नाही. परत फिरवून त्याच ब्रेकरच्या कडेवरून नेली, म्हणजे फक्त डावं चाक चढेल आणि उजवं खालीच राहील अशी. खट! मामा हसले आणि म्हणाले "लिंक रॉड. चल परत."

कारण त्यांनी चहा पिताना समजावलं, माझ्या भाषेत सांगतो. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक स्टॅबिलायझर बार असतो, वळणावर गाडी एका बाजूला फार झुकू नये म्हणून. तो बार चाकाच्या बाजूला ज्या छोट्या दांडीने जोडलेला असतो ती लिंक रॉड, तिच्या दोन्ही टोकांना सुपारीएवढे बॉल जॉइंट. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार नुसता वर जातो, पिळला जात नाही, लिंकवर ताण नाही, म्हणून आवाज नाही. एक चाक वर एक खाली झालं की बार पिळला जातो, लिंक खेचली जाते आणि झिजलेला बॉल आपल्या वाटीत आपटतो. म्हणून मोठ्या ब्रेकरला गाडी गप्प आणि बारीक खडबडीत रस्त्यावर टकळी चालू.

आणि सर्व्हिस सेंटरच्या पोराला का सापडलं नाही तेही कळलं. एकच चाक जॅकवर उचललं की बार पिळलेलाच राहतो, लिंक ताणून बसते, मग हाताला प्ले लागणारच नाही. मामांनी दोन्ही चाकं उचलली, खाली स्टँड लावले आणि लिंकला हात घालून हलवली. टक टक टक. मलाही खाली वाकून हात लावायला लावला, शर्टाची वाट लागली पण खात्री पटली. टोकाचं रबर बूट फाटलेलं, आत पाणी जाऊन ग्रीसचा गंजलेला चिखल झालेला.

बाकीचंही बघितलं. टॉमी (लोखंडी पहार) घालून लोअर आर्म दाबून पाहिला, बुशला वरवर बारीक भेगा आहेत पण आतून घट्ट, म्हणाले "अजून वर्षभर बघायचं नाही." शॉकअप कोरडे, तेलाचा थेंब नाही. स्प्रिंगवर हात ठेवून गॅरेजमधल्या पोराला स्टेअरिंग फिरवायला लावलं, माउंटिंग मऊसूत. चाक घड्याळासारखं बारा-सहाला धरून हलवलं, मग तीन-नऊला धरून, काही नाही. म्हणजे १८,६०० च्या लिस्टमधली एकही वस्तू गेलेली नव्हती, आणि जी गेली होती ती लिस्टमध्येच नव्हती!

खर्च: कंपनीच्याच लिंक रॉडची जोडी १,५०० आणि मजुरी ५००. उजवी कशाला बदलताय म्हणून मी जरा हुज्जत घातली, "तीपण तेवढीच पळालीये" म्हणाले, काढल्यावर हातात दिली तर खरंच थोडी ढिली होती, गप्प बसलो. नट आवळताना मधला स्टड ॲलन कीने धरून हाताने आवळला, नाहीतर नटाबरोबर बॉलपण फिरतो. मी अलाइनमेंट करून घेऊ का विचारलं तर म्हणाले लिंक रॉडने अलाइनमेंट हलत नाही, टाय रॉड (स्टेअरिंगने चाक वळवणारी दांडी) नाहीतर लोअर आर्म खोलला असता तर मीच पाठवलं असतं, कशाला पैसे घालवतो. हे वाक्य मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजमध्ये ऐकलेलं नाही.

आता वाईट पण लिहितो नाहीतर तुम्ही म्हणाल मामा माझे सख्खे आहेत. फोन उचलत नाहीत, कधीच नाही. अपॉइंटमेंट वगैरे प्रकार नाही, मी साडेदहाला गेलो, नंबर लागला दीडला, तोपर्यंत उलट्या ऑइलच्या डब्यावर बसून. बिल वहीच्या फाटक्या पानावर, त्यामुळे वॉरंटीचं काही बोलूच नका. सीट कव्हरवर ग्रीसचा पंजा उमटलाय तो अजून निघत नाही. आणि बोलायला फटकळ आहेत, माझ्यासमोर एकाला झापलं, त्याने चुईं चुईं वाजणाऱ्या बुशवर जुनं इंजिन ऑइल ओतलं होतं. ऑइलने रबर फुगतं आणि सडतं, चार दिवस आवाज बंद होतो मग बुशच बदलायला लागतो. साडेचार स्टार, अर्धा त्या पंजाचा कापला.

लगेच दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला जाऊन आलो, मग मुद्दाम पेठ रोडच्या आतल्या खराब रस्त्यांनी फिरवली. शांत. बायकोला पण पटलं, आता म्हणते डॅशबोर्डमधून काहीतरी वाजतंय, आधी त्या खटखटीत ऐकू येत नव्हतं.

एक आवाज मात्र राहिलाय. थंडीत सकाळी पहिली दहा मिनिटं पुढून चुईं चुईं होतं, गाडी तापली की जातं. मामांना वाटतं स्टॅबिलायझरचं रबर आहे, थंडीत कडक होतं, त्यावर पाणी मारल्यावर आवाज बंद झाला की पक्कं समजायचं. पण मी दुपारी गेलो होतो, तेव्हा वाजेना, आणि जे वाजत नाही ते मी खोलत नाही म्हणाले. पार्ट विकायची संधी होती, सोडली. आता सांगितलंय, गारठा पडला की रात्री गाडी गॅरेजसमोर लावून जा, किल्ली देऊन ठेव, सकाळी सात वाजता मी स्वतः चालू करून ऐकतो.