"अंगठा आला नाही, परत लावा"

दादर पश्चिमेला, स्टेशनचा जिना उतरला की फुटपाथवर छत्री लावून सिमकार्ड विकतात. तिथून प्रीपेड सिम घेतलं. दिले ५९९ रुपये, बोली होती ८४ दिवस, रोज दीड जीबी. आत रिचार्ज मारलं २४९चं, २८ दिवसांचं. ३५० रुपये गेले. तेवढ्यावर भागलं असतं तर गप्प बसलो असतो, कारण सांगायचीही लाज वाटते. पण त्याच दिवशी माझ्या आधारवर दुसरं सिमही चालू झालं, आणि ते माझ्याकडे नाही.

ही चाल नवी नाही. अंगठा एकदा तुमच्या सिमसाठी, एकदा त्याच्या धंद्यासाठी. ते दुसरं सिम पुढे कुठे जातं हे सांगायला नको. रोज फोन येतातच की आपल्याला, कुरिअर अडकलंय म्हणून.

माहीत असून फसलो, कारण पाऊस होता. ओल्या बोटाला यंत्र दाद देत नाही, रेशनच्या दुकानात आपण दर महिन्याला बघतो. त्यामुळे "आला नाही काका, पुसून परत लावा" हे खरंच वाटलं. रुमालाने पुसून परत लावला. इथपर्यंत मी स्वतःला माफ करतो.

पुढचं मात्र नाही. त्याने मोबाइल पुन्हा माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "डोळे उघडे ठेवा." अहो, फोटो तर आधीच काढला होता! अंगठा लागला नाही तर अंगठाच परत लावायचा. नवा फोटो म्हणजे नवा फॉर्म, नवा फॉर्म म्हणजे नवं सिम. आणि मी? चष्मा काढून, केस सारखे करून उभा राहिलो. तिथेच त्याच्या हातातला मोबाइल उलटा करून स्क्रीन बघायला हवी होती. दुसऱ्यांदा फोटो मागितला की पैसे सोडा, सिम सोडा, निघा.

पुरावा घरबसल्या मिळतो. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून प्रमाणीकरणाचा इतिहास, म्हणजे आधार कधी वापरलं गेलं त्याच्या नोंदी, उघडा, मागच्या सहा महिन्यांचा दिसतो. अंगठा खरंच लागला नसेल तर ती नोंद अयशस्वी म्हणून, एरर कोडसकट येते. माझ्या दोन नोंदी चार मिनिटांच्या अंतराने, दोन्ही यशस्वी. मग संचार साथी या सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या नावावरच्या मोबाइल जोडण्या पाहिल्या. नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. तिथे एक अनोळखी नंबर होता, त्यावर 'माझा नंबर नाही' दाबलं. 'गरज नाही' दाबू नका, त्याचा अर्थ नंबर तुमचाच होता असा होतो. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम चालतात. त्यापुढे गेलात तर पहिल्या वेळी दंड ५०,००० रुपयांपर्यंत, तोही तुम्हालाच. अंगठा विकणारा मोकळा.

आता दाद. छत्रीवाला म्हणे, पैसे "सिस्टिम"ने कापले. कंपनीच्या दुकानात म्हणाले, छत्री आमची नाही. डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्याची कंपनीकडे नोंदणी सक्तीची आहे, मग तो कुणाचा, हे मी विचारलं. उत्तर मिळालं, १९८ला, म्हणजे कंपनीच्या तक्रार क्रमांकाला, फोन करा. १९८ने तक्रार क्रमांक दिला आणि चार दिवसांनी मेसेज, "तक्रार निकाली." कशी निकाली? तर रिचार्ज यशस्वी झालंय! ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी घेतच नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "खात्यातून पैसे गेले का?" नाही. "मग गेलं काय?" नाव गेलं, साहेब! फसवून दुसऱ्याच्या नावाने सिम काढणाऱ्याला २०२३च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे, तो आकडा मीच त्यांना सांगितला. अर्ज लिहून द्या म्हणाले. पोच मागितल्यावर शिक्का सापडेना. चाळीस मिनिटं बाकावर बसलो तेव्हा सापडला. पोच सोडू नका. उद्या त्या नंबरावरून कुणाला लुटलं, तर "मी आधीच कळवलं होतं" म्हणायला हातात तेवढाच कागद आहे.

पैसे रोख देऊ नका, मी दिले. यूपीआयने दिले असते तर समोरच्याचं नाव तरी मिळालं असतं. रिचार्जचा मेसेज आल्याशिवाय, त्यातली रक्कम आणि दिवस वाचल्याशिवाय हलू नका, लोकल दर चार मिनिटांनी आहे. सिमवरचा लांबलचक छापील आकडा आणि पाकिटावरचा आकडा जुळतो का बघा. १००च्या टॉपअपवर ८१.७५च मिळाले म्हणून दुकानदाराशी भांडू नका, १८ टक्के जीएसटी आणि ३ रुपये कंपनी कापते, तो नाही. आणि "नंबर तोच, प्लॅन स्वस्त" म्हणत कुणी तुमच्या मोबाइलवरून १९००ला मेसेज टाकू लागला तर हातातून फोन ओढून घ्या. येणारा आठ अक्षरी कोड आणि तुमचा अंगठा त्याला मिळाला की पोर्ट झालात, म्हणजे नंबर दुसऱ्या कंपनीत गेला, आणि पुढे ९० दिवस तिथून सुटका नाही.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, मग अंगठा कुठेच चालत नाही. हवं तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. माझं आता लॉक आहे. संचार साथीवरच्या तक्रारीला सोळा दिवस झाले, अजून "प्रक्रियेत" दिसतंय. नंबर यादीत तसाच आहे.