कापड पिवळं रंगवायला पळसाची फुलं की झेंडूची?

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या हौदात, उड्या मारत वाढलेल्या नाशिककराला विचाराल तर तो पळसच म्हणणार. मीही तेच म्हणायचो. फाल्गुनात नाशिकहून पेठ तालुक्याकडे निघालं की झाडं अशी पेटलेली असतात, की झेंडूची आठवणही येत नाही.

ओळखायला मात्र पळस वाटतो तितका सोपा नाही. त्याच दिवसांत पांगारा आणि काटेसावरही लाल होतात. ‘पळसाला पाने तीनच’ हे इथे कामाला येत नाही. एक तर फुलं येतात तेव्हा झाड बहुतेक निष्पर्ण असतं, आणि पांगाऱ्यालाही तीनच पानं! मी सरळ खोड चाचपतो. काटे लागले तर पळस नव्हे. शिवाय पळसाच्या फुलाच्या बुडाशी काळपट मखमली पेला असतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही.

झेंडूत ओळखण्यासारखं काय आहे? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या फुलांचे ढीग बाजारात पडलेले असतात. हारातले दोरे काढताना जीव जातो, एवढंच.

रंग नीट धरावा म्हणून सुती कापडाला मी दोन्ही वेळा आधी हिरडा आणि मग तुरटी देतो. पळसाचा पिवळा नितळ येतो, झेंडूचा जरा जाड, सोनेरी. झेंडूत गंजके खिळे आणि गूळ मुरवलेलं पाणी घातलं की शेवाळी हिरवाही मिळतो.

माझं मत फिरलं ते एका उपरण्यापायी. पळसात रंगवलेलं, फार जमून आलेलं. आईने ते नेहमीच्या कपड्यांबरोबर साबणाच्या पावडरीत भिजवलं. तासाभराने पाहिलं तर जिथे पावडर नीट विरघळली नव्हती तिथे केशरी चट्टे. साबण-सोड्यातला क्षार लागला की पळस केशरीकडे झुकतो, हे मला ठाऊक होतं; आईला सांगायचं राहिलं. पण घरातल्या प्रत्येकाला ‘हे रिठ्यातच धू’ असं किती वर्षं सांगणार? झेंडूचा रंगही साबणाने थोडा बदलतो, पण माझ्या कापडांवर तरी चट्टे पडलेले नाहीत. उन्हात मात्र दोन्ही विटतात, सावलीतच वाळवा.

तुमच्याकडे कपडे तुम्हीच धूत असाल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. मी ओढण्या, उपरणी झेंडूतच काढतो. पळसाची एक पिशवी दरवर्षी वाळवून ठेवतो खरी, पण ती रंगपंचमीसाठी. ते कपडे कोण जपून धुतं!