ट्रायपॉड हेडला कानशीची मूठ : पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतर

ट्रायपॉडवर कॅमेरा ज्यावर बसतो आणि वळतो ते माझं हेड तीन दिशांचं, साधं. वर-खाली हालचालीचा दांडा फिरवला की तोच हेड आवळतो. उन्हाने मुठीचं प्लास्टिक चिरलं आणि रॉड आतल्या आत फिरायला लागला. सुटा दांडा कुठे मिळेना, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून अख्खा आटे पाडलेला एम-६ (६ मिमी जाडीचा) रॉड आणि कानशीची लाकडी मूठ आणली.

रॉड घेण्याआधी आटे नीट ओळखा. कॅमेऱ्याचा पाव इंची स्क्रू ६.३५ मिमीचा, त्याच्या आट्यांमधलं अंतर १.२७ मिमी. एम-६ मध्ये ते १ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण ॲल्युमिनियमच्या भोकात चुकीचा रॉड जोराने घातला तर आटे कायमचे जातात. नुसत्या बोटांनी चार-पाच फेरे सहज गेला तरच तो आपला.

मुठीत ७ मिमीचं भोक, त्यात इपॉक्सीने बसवलेला रॉड. हेड आवळताना सगळा पीळ याच जोडावर येतो, त्यामुळे नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहू नका. मी लाकडातून आणि रॉडमधून आरपार २ मिमीचं भोक पाडून खिळा ठोकला. तो जोड आजवर तसूभरही हललेला नाही. मोकळा रॉड लवत होता, त्यावर ॲल्युमिनियमची नळी चढवून पुढून नटने आवळली. मात्र नटच्या पुढे रॉडचं टोक जुन्याइतकंच बाहेर हवं. कमी राहिलं तर नट हेडला आधी टेकतो आणि आतली पकड बसतच नाही.

भिगवणला होडीवाल्या काकांबरोबर रोहित पक्ष्यांचे व्हिडिओ काढताना फरक खरा कळला. दांडा आता साधारण २५ सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे हात तेवढाच हलला तरी हेड कमी वळतं आणि थवा चौकटीत धरून ठेवता येतो. घामेजलेल्या हातातही लाकूड सटकत नाही. जुन्या प्लास्टिकपेक्षा मला ही मूठ कितीतरी जास्त आवडते.

त्रास दोनच. बॅगेत ठेवायला दांडा दर वेळी काढावा लागतो आणि आट्यांत धूळ बसते. जुन्या टूथब्रशने साफ करतो. पावसात लाकूड थोडं फुगलं होतं, जवसाचं तेल दोनदा चोळल्यावर थांबलं. जड टेलिफोटो लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) लावणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, त्यांना हेडच मोठं लागतं.