बिनतारी हेडफोन: लेहऱ्याला उत्तम, पडद्यावरच्या तबल्याला मुळीच नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं घर शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून उभं आहे. रात्री साडेनऊनंतर मी तबल्या-डग्ग्यावर जाड टॉवेल टाकून हात चालवतो, पण लेहरा, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाबरोबर फिरत राहणारी साथीची धून, तर ऐकू यायला हवा. त्यासाठी गेल्या महिन्यात रावपुऱ्यातून कान पूर्ण झाकणारे ब्लूटूथ हेडफोन आणले, ३,४९९ रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जो दोष सांगणार आहे तो ब्लूटूथचाच आहे आणि या किमतीच्या बहुतेक हेडफोनांत तो निघेल.

आधी चांगलं. सारंगीच्या लेहऱ्याचा गाभा स्वच्छ येतो, डग्ग्याची घुमार फुगत नाही, दीड तास घातले तरी कानाच्या पाळ्या दुखत नाहीत. चार्जिंग मला आठवडाभर पुरतं. विलंबित तीनतालात तासभर बसलो, एकदाही आवाज तुटला नाही.

चौथ्या दिवशी टीव्हीला जोडले. एका जुन्या मैफलीचं चित्रण लावलं होतं. वादकाचा हात चाटीवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, पडला, उचलला गेला, आणि मग मला ‘ना’ हा बोल ऐकू आला. पहिल्यांदा वाटलं चित्रणच तसं असेल. हेडफोन काढून टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकलं तर बोल हातावर चोख. पुन्हा घातले, पुन्हा मागे. जेवण झाल्यावरही ते डोक्यातून जाईना.

भाचा आला तेव्हा त्यानं मोजलं. हेडफोनची एक बाजू फोनच्या माइकला लावून पडद्याचं चित्रण केलं, सेकंदाला ६० चौकटींचं. हात टेकल्याची चौकट आणि आवाज उमटल्याची चौकट, मध्ये १२ चौकटी. म्हणजे २०० मिलिसेकंद, सेकंदाचा पाचवा हिस्सा. आवाज आधी दाबून बारीक करायचा, तुकड्यांनी हवेतून पाठवायचा, पलीकडे थोडा साठवून उलगडायचा, यात हा वेळ जातो.

पाचवा हिस्सा म्हणजे काय, हे तबल्यावर बसवून पाहा. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. त्यात चौपटीचा रेला, म्हणजे मात्रेला चार बोलांची सलग धाव, चालला असेल तर एक बोल साधारण ६२ मिलिसेकंदांचा. म्हणजे डोळ्यांना दिसणारा हात कानांच्या तीन बोल पुढे आहे. शिकणाऱ्यानं बोट कुठून उचललं हे बघायचं आणि बोल ऐकायचा तिसऱ्याच आघाताचा. असं महिनाभर पाहून कुणी निकास, म्हणजे हातातून बोल काढण्याची रीत, शिकायला गेलं तर हात बिघडेल, हे मी जबाबदारीनं लिहितो.

मेंदू थोडं सांभाळून घेतो, हे खरं. मोतीबागेत सीमारेषेपाशी बसून सामना पाहिला असेल तर बॅट फिरलेली आधी दिसते, ‘टक’ मागून येतो, तरी आपल्याला खटकत नाही. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे २०० मिलिसेकंद म्हणजे ६८ मीटर. पण मैदानात डोळ्याला ते अंतर दिसत असतं. माझा टीव्ही सोफ्यापासून आठ फुटांवर आहे. प्रसारणाच्या १९९८च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हेच आकड्यांत आहे: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी प्रेक्षकाला कळतं, मागे पडला तर १२५ला कळतं. मागे पडण्याची आपल्याला जन्मापासून सवय असते, कारण उजेड नेहमी आधी पोचतो. पुढे जाण्याची सवय निसर्गात कुठेच लागत नाही. माझे हेडफोन त्या सवलतीच्याही पलीकडे गेलेत.

मग रात्रीच्या रियाजाला अडचण का आली नाही? कारण तिथे डोळ्याचं काम नाही. लेहरा फोनमधून २०० मिलिसेकंद उशिरा निघाला तरी सगळाच उशिरा निघतो, मात्रांमधलं अंतर तसंच राहतं, आणि मी जे ऐकतो त्यावरच वाजवतो. एवढं लक्षात घेतलं तर निम्मी खरेदी सुखाची होईल.

यातून वर्गातली एक गोष्ट उलगडली. माझ्याकडे येणारी अकरा वर्षांची मुलगी लेहऱ्याचं ॲप वापरते. त्यात मात्रेबरोबर एकेक आकडा उजळतो. हेडफोन लावून ती त्या आकड्यांकडे बघत वाजवायची आणि दर आवर्तनात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, डगमगायची. मी म्हटलं, “बाळा, फोन पालथा ठेव.”
“मग सम कळेल कशी, सर?”
“सम ऐकू येईल.”
दुसऱ्या आवर्तनाला तिचा ‘धा’ बरोबर बसला.

यात हेडफोनचा दोष होताच, पण हेडफोन बिनतारी न ठेवता तार लावून पाहिलं तरी नुसत्या उजळणाऱ्या आकड्यावर तिचा हात स्थिर राहिना. लय धरण्यात डोळा मुळातच मागे आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींत उजेडाचा संकेत रासायनिक पायऱ्या चढत तयार होतो, त्यात कित्येक मिलिसेकंद जातात. कानातल्या केसपेशी हलल्या की संकेत जवळजवळ तिथल्या तिथे निघतो. सिनेमाची २४ चित्रं आपल्याला एकसंध हालचाल वाटतात, पण एका आवाजात दोन-तीन मिलिसेकंदांची खाच पडली तरी तयार कान ती पकडतो. उघडझाप करणाऱ्या ठिपक्याबरोबर बोट ठोकायला लावलं तर माणूस अर्ध्या सेकंदाच्या लयीपासूनच अडखळतो. तेच टकटकीबरोबर त्याच्या कितीतरी पुढे जातो. आमच्या म्युझिक कॉलेजात, म्हणजे मौलाबक्षांनी १८८६मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेच्या आजच्या रूपात, गुरुजी ताल हातावर देऊन तोंडानं म्हणवून घेत, लिहिलेली वही बंद ठेवून. ती सक्ती का होती, हे मला आता या हेडफोनमुळे नीट कळलं.

घेणाऱ्यांसाठी: फोनवर व्हिडिओ बघायला हे चालतात, कारण बरीचशी ॲप हेडफोनची दिरंगाई ओळखून चित्रच थोडं मागे ठेवतात. टीव्हीत ‘ऑडिओ डिले’ सापडेल, पण आमच्या टीव्हीत तो आवाज आणखी मागे ढकलतो, पुढे आणत नाही. ऑनलाइन शिकवणीला किंवा इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवायला घेऊ नका, तिथे स्वतःचाच आघात उशिरा ऐकू येतो आणि हात आपोआप सावकाश होतो.

डब्यात ३.५ मिलिमीटरची तार दिली आहे. ती लावली की फरक संपला, हात आणि बोल एका जागी. दुकानदारानं या तारेबद्दल अवाक्षर काढलं नाही, ते त्यानं सांगायला हवं होतं. तार फक्त सव्वा मीटरची आहे, म्हणून तीन मीटरचा जोड वेगळा आणला, १८० रुपयांना. आठ फुटांना पुरतो. तुमचा सोफा लांब असेल तर पाच मीटरचा मागा.