मोडीचा रुमाल, शास्त्रज्ञाची फाइल की जात्यावरची ओवी?

बी.ए. इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाची मुलं सध्या एकच प्रश्न घेऊन येतात: इंटर्नशिप कुठे करू? चार क्रेडिटची इंटर्नशिप म्हणजे १२० तास. रोजचे सहा तास धरले तर वीस दिवस. वीस दिवसांत कुणी संशोधक होत नाही, पण एखादं काम हाताला नीट बसू शकतं. जुनं अक्षर वाचणं, कागदाची नोंद करणं, की माणसाचं ऐकून ते टिपणं, यांतलं कोणतं काम शिकायचंय ते आधी ठरवा. संस्था त्यावरून ठरेल.

पहिली वाट पुण्याची. पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे: कापडात बांधलेले हजारो रुमाल, रुमालात पुडकी, पुडक्यांत सुटे कागद. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून वेचे काढून ४५ खंड संपादित केले, तरी बराचसा साठा छापील पानांबाहेरच राहिला. जवळच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेलं. अशा ठिकाणी स्कॅनर चालवणारा माणूस मिळतो. कागदात काय लिहिलंय ते सांगणारा मिळत नाही. हे कागद मोडी या जुन्या, सलग लिहिल्या जाणाऱ्या लिपीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नसतात, बोरू न उचलता ओळ पुढे धावते. तारीखही सरळ नसते. ‘सन सबा सबैन मया व अलफ’ असं अरबी अंकशब्दांत लिहिलेलं असतं. सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (त्या काळच्या कागदांतली कालगणना) ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६ येतं. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांतल्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. इथे चूक झाली की कॅटलॉगमध्ये तो कागद वर्षभर मागे जातो, आणि पुढे शोधणाऱ्याला सापडत नाही. एका आकड्याची ही किंमत आहे, म्हणूनच मला हे काम फार मोलाचं वाटतं.

मात्र मोडी येत नसेल तर या वाटेला लगेच जाऊ नका. पुराभिलेख संचालनालय आणि मंडळ दोघंही मोडीचे वर्ग घेतात. आधी तो वर्ग करा, रोज एक पान वाचा, मग कॉलेजचं पत्र घेऊन भेटायला जा. तयारीशिवाय गेलात तर तुमच्या हाती फक्त कॅमेरा येईल.

हे मी अनुभवावरून सांगते. विद्यार्थी असताना एका संस्थेत मी महिनाभर कागदांचे फोटो काढले. कॅमेऱ्याने दिलेला नंबर हेच प्रत्येक फाइलचं नाव. कोणता फोटो कोणत्या पुडक्यातला, हे कुणी लिहून ठेवलं नाही आणि मलाही तसं सांगितलं नाही. ते फोटो आज कुणाच्याही कामाचे नाहीत. याचं मला अजून वाईट वाटतं.

नोंद करायला शिकायचं असेल तर मी बेंगळुरूकडे बोट दाखवते. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातलं, म्हणजे एनसीबीएसमधलं अर्काइव्ह २०१९ मध्ये सुरू झालं. केंद्राचे संस्थापक संचालक ओबेद सिद्दीकी यांचे कागद तिथे आहेत. शिवाय पत्रं, प्रयोगवह्या, फोटो, मुलाखती. विज्ञानाच्या संस्थेत इतिहासाच्या मुलांचं काय काम, असं वाटू देऊ नका. संग्रह, त्यात मालिका, मालिकेत फाइल, फाइलमध्ये कागद ही उतरंड कशी लावायची. ज्याचे कागद त्याने ज्या क्रमाने ठेवले तो क्रम का मोडायचा नाही. हयात माणसांचा उल्लेख असलेलं पत्र खुलं करावं की नाही, हे प्रश्न इथे रोजचे असतात. पुण्यात एका कागदाशी झटावं लागतं, इथे शेकडो कागदांचं नातं लावावं लागतं. भाषा बहुतांशी इंग्रजी. मोडीचा अडसर नाही, पण बेंगळुरूत राहण्याचा खर्च आहे, आणि तो घरी आधी बोलून घ्यायला हवा. मुंबईतल्या मुलांनी याच प्रकारच्या कामासाठी विक्रोळीच्या गोदरेज अर्काइव्ह्जकडेही विचारून पाहावं.

तिसरी वाट पारीची, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाची. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये ग्रामीण भारताचं हे ऑनलाइन अर्काइव्ह उभं केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या, बायकांनी गायलेल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आज तिथे आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातली माणसं, कामधंदे यांवर केलेलं लेखनही पारी प्रसिद्ध करते. खेड्यातून आलेल्या मुला-मुलींना मी आधी ही वाट सुचवते. आजीची बोली समजणं ही इथे पात्रता आहे, आणि ती शहरातल्या चांगल्या गुणांच्या मुलांकडेही नसते. पण हे काम हलकं समजू नका. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात. संमती घ्यावी लागते, नाव-गाव पुन्हा पडताळावं लागतं, आणि समोरची बाई रडू लागली तर रेकॉर्डर बंद करायचं भान ठेवावं लागतं.

घर सोडता येत नसेल तर मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर जुन्या पुस्तकांची पानं तपासा. सरावाला उत्तम आहे, पण इंटर्नशिप म्हणून कॉलेज ते धरेल का, हे आधी लेखी विचारा.

कुठेही जा, होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझं काम रोज कोण तपासणार? मी केलेल्या नोंदीवर माझं नाव राहील का? मानधन नसेल तर निदान प्रवासखर्च मिळेल का? पहिल्याचं उत्तर ‘कुणीतरी बघेल’ असं आलं, तर नाव कितीही मोठं असो, मी त्या संस्थेत माझ्या विद्यार्थ्याला पाठवत नाही.

ज्यांचं अजून दुसरंच वर्ष चालू आहे आणि ज्यांना मोडीची ओढ आहे, त्यांनी यंदाच्या सुट्टीत फक्त मोडीचा वर्ग करावा आणि पुण्याची इंटर्नशिप पुढच्या वर्षी ठेवावी. वर्षभर रोज एक पान वाचलं तर पुढच्या मृगापर्यंत पहिला रुमाल सोडायला हात तयार असतील.